परिचर्येचे पहिले वर्ष : अभ्यासाची घडी कशी बसवावी

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आपल्या समाजातील अनेक मुली, आणि अलीकडे काही मुलेही, नर्सिंगच्या प्रवेशासाठी धावपळ करू लागतात. पंढरपूर आणि आसपासच्या खेड्यांतून कोणी सोलापूरला, कोणी मिरज-सांगलीला, कोणी पुण्याला जाते. प्रवेश मिळाला की आनंद होतो, पेढे वाटले जातात, संस्थेच्या कार्यक्रमात गुलाबपुष्प देऊन सत्कारही होतो. हे सारे योग्यच आहे. परंतु सहा महिन्यांनी त्या मुलीचे काय चालले आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पहिल्या सत्राच्या परीक्षेत दोन विषय राहिले, इंग्रजी झेपेना, वसतिगृहात करमेना, म्हणून सुट्टीत घरी आलेली मुलगी परत गेलीच नाही, अशी उदाहरणे आपल्या वस्त्यांत शोधावी लागत नाहीत. अशी मुलगी घरी बसली की वर्षभरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात आणि पुस्तके माळ्यावर जातात. धाकट्या बहिणीच्या वेळी "थोरलीचे काय झाले ते पाहिले ना?" हे वाक्य घरात तयारच असते. एका मुलीचे पहिले वर्ष बुडाले तर नुकसान तिच्या एकटीचे होत नाही.

आम्ही वैद्यकीय क्षेत्रातले नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि व्यवसायाने बँकेतील कारकून. परंतु समाजातील विद्यार्थ्यांचे प्रवेश, शिष्यवृत्ती आणि अभ्यास यांच्याशी संबंध येत गेल्याने जे पाहिले, वाचले आणि विचारून घेतले, ते विद्यार्थी व पालकांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हे काम कोणते आहे?

अभ्यासाकडे वळण्यापूर्वी या कामाचे मोल समजून घेतले पाहिजे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. तथागत बुद्ध आनंदासह विहारातून फिरत असता अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू त्यांना स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला दिसला. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजविले. त्यानंतर त्यांनी भिक्खूसंघाला बोलावून समजावले की, येथे तुमचे आईवडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील?

याच ठिकाणी चांगल्या परिचारकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रोग्याला काय पथ्यकर व काय अपथ्यकर हे त्याला कळावे. लोभाने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने त्याने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, वांती काढताना त्याला किळस वाटू नये. आणि रोग्याला धीर देणारे चार शब्द त्याला बोलता यावेत. आजच्या अभ्यासक्रमाशी ही यादी ताडून पाहावी. औषधशास्त्र, आहारशास्त्र, व्यवसायनीती, स्वच्छता व मूलभूत परिचर्या, आणि संवादकौशल्य असे पाचही विषय तेथे आहेत. हे पाचही गुण शिकून अंगी बाणवायचे आहेत, जन्मावर त्यांतला एकही अवलंबून नाही, ही गोष्ट आपल्या मुलींनी विशेष ध्यानात घ्यावी.

आपल्या महाराष्ट्रात तर सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महार वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शिक्षणाची आणि शुश्रूषेची परंपरा आपल्याकडे अशी एकाच घरात नांदली. त्याच्या काही वर्षे आधी, १८९१ साली, मुंबईत बाई काशीबाई गणपत या परिचर्येच्या प्रशिक्षणासाठी आल्या आणि तसे करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांची इतिहासात नोंद झाली. तेव्हा नर्सिंग म्हणजे "कमी मार्क मिळालेल्यांची सोय" असे जे कोणी म्हणतात, त्यांना हा इतिहास सांगावा.

पहिल्या वर्षात काय असते?

बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली सुधारित अभ्यासक्रम आणला तेव्हापासून तो आठ सत्रांत विभागलेला आहे. पहिल्या सत्रात इंग्रजी, शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि प्रथमोपचारासह परिचर्येची मूलतत्त्वे हे विषय येतात. दुसऱ्या सत्रात जीवरसायनशास्त्र, पोषण व आहारशास्त्र, आरोग्य माहिती तंत्रज्ञान आणि पुन्हा परिचर्येची मूलतत्त्वे येतात. जनरल नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम वार्षिक पद्धतीचा आहे. त्याच्याही पहिल्या वर्षात शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, मूलभूत परिचर्या आणि सामाजिक आरोग्य परिचर्या हे विषय आहेत. म्हणून पुढील सूचना दोन्ही अभ्यासक्रमांस लागू पडतील.

परीक्षेच्या रचनेतील काही गोष्टी पहिल्याच दिवशी माहीत असाव्यात. बी.एस्सी.च्या लेखी विषयास साधारणपणे महाविद्यालयाचे अंतर्गत २५ गुण व विद्यापीठाचे ७५ गुण असतात आणि मुख्य विषयांत उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के लागतात. बारावीला ३५ गुणांवर पास होण्याची सवय झालेल्या मुलामुलींना येथेच पहिला धक्का बसतो. शरीररचना व शरीरक्रिया या दोन विषयांची प्रश्नपत्रिका एकच असते. तिचे दोन विभाग ३७ आणि ३८ गुणांचे असतात. समाजशास्त्र व मानसशास्त्र यांचेही तसेच. एक विषय आवडीचा म्हणून करायचा आणि दुसरा ऑप्शनला टाकायचा, हा हिशेब येथे जमत नाही.

आणखी एक बाब. परिचर्येच्या मूलतत्त्वांची विद्यापीठ परीक्षा दुसऱ्या सत्राच्या शेवटी होते, परंतु पहिल्या सत्रातील अंतर्गत गुण तिच्यात धरले जातात. "अजून पुष्कळ वेळ आहे" म्हणून पहिल्या सत्रात ज्यांनी दुर्लक्ष केले, त्यांना आपण किती गुण गमावून बसलो हे दुसऱ्या सत्रात कळते.

इंग्रजीची भिंत

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनीची पहिली तक्रार असते, "सर काय बोलतात तेच कळत नाही." येथे समजून घ्यावे की वैद्यकातले पुष्कळसे कठीण शब्द मुळात ग्रीक व लॅटिन आहेत. इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलीलाही ते पहिल्या दिवशी परकेच असतात. त्या शब्दांपुरती तरी शर्यत एकाच रेषेवरून सुरू होते.

हे शब्द पाठ करण्यापेक्षा फोडायला शिकावे. मराठीत आपण संधी व समास सोडवतो तसेच. "कार्डिओ" म्हणजे हृदय, "हिपॅटो" म्हणजे यकृत, "नेफ्रो" म्हणजे मूत्रपिंड, "गॅस्ट्रो" म्हणजे जठर. शेवटी "आयटिस" आले की त्या अवयवाचा दाह. म्हणजे हिपॅटायटिस हा यकृताचा दाह आणि गॅस्ट्रायटिस हा जठराचा. शेवटी "एक्टॉमी" आले की तो भाग कापून काढणे. अपेंडेक्टॉमी म्हणजे आंत्रपुच्छ काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. "टॅकी" म्हणजे जलद आणि "ब्रॅडी" म्हणजे मंद, म्हणून टॅकिकार्डिया म्हणजे हृदयाचे ठोके जलद पडणे आणि ब्रॅडिकार्डिया म्हणजे ते मंद पडणे. "हायपर" म्हणजे जास्त, "हायपो" म्हणजे कमी. असे शंभर-सव्वाशे तुकडे पहिल्या दोन महिन्यांत आत्मसात केले तर न पाहिलेल्या शब्दाचाही अर्थ लावता येतो. रोज तीन तुकडे घेतले तर चाळीस दिवसांत एकशे वीस होतात. त्यासाठी खिशात मावेल अशी एक छोटी वही करावी. डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर मराठी अर्थ आणि एक उदाहरण.

धडा समजून घेताना तो आधी मराठीत समजून घेण्यात कमीपणा नाही. मात्र उत्तर लिहिण्याचा सराव पहिल्या आठवड्यापासून इंग्रजीतच करावा. वाक्ये लहान ठेवावीत. परीक्षकाला आकृती, नावे आणि क्रम अचूक हवे असतात. अलंकारिक इंग्रजीला तेथे गुण नाहीत.

शरीरशास्त्र : वाट पाठ नसते, ओळखीची असते

पहिल्या वर्षी सर्वांत जास्त धास्ती शरीररचना व शरीरक्रिया या विषयांची असते. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे आणि त्या प्रत्येकाला नाव! हे सारे घोकून कसे होणार?

आम्हा पंढरपूरकरांना एक उदाहरण जवळचे आहे. माउलींची पालखी कोणत्या क्रमाने येते हे येथे शाळकरी मुलालाही सांगता येते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरपूर. हे कोणी घोकलेले नसते. वाट माहीत असते, एका मुक्कामानंतर दुसरा का येतो हे डोळ्यांना दिसत असते, म्हणून क्रम चुकत नाही. रक्ताभिसरणाचा अभ्यास असाच करावा. शरीरातून आलेले अशुद्ध रक्त महाशिरांतून उजव्या अलिंदात येते, तेथून उजव्या निलयात, तेथून फुप्फुस धमनीने फुप्फुसात. तेथे कार्बन डायऑक्साइड टाकून प्राणवायू घेतला की फुप्फुस शिरांवाटे डाव्या अलिंदात, मग डाव्या निलयात आणि महाधमनीतून पुन्हा सर्व शरीरात. कोऱ्या कागदावर ही वाट बोटाने गिरवीत मोठ्याने सांगावी. मध्ये झडपा कोठे आहेत आणि त्या नसत्या तर काय झाले असते, हे स्वतःला विचारावे. डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा जाड का? उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंतच ढकलायचे आहे, डाव्याला पायाच्या बोटांपर्यंत. एकदा हे कारण कळले की पाठ करण्याचे ओझे निम्मे उतरते.

भाकरीच्या एका घासाचा तोंडापासूनचा प्रवास, पाण्याच्या एका घोटाचा मूत्रपिंडापर्यंतचा प्रवास, श्वासाचा नाकापासून वायुकोशापर्यंतचा प्रवास अशा वाटा तयार कराव्यात. रचना आणि क्रिया हे दोन विषय वेगवेगळ्या वह्यांत असले तरी अभ्यास एकत्र करावा. अवयव कोठे आहे व कसा आहे हे रचना सांगते, तो तसाच का आहे हे क्रिया सांगते.

वाचणे वेगळे, आठवणे वेगळे

आपल्याकडे अभ्यास म्हणजे वाचन, असा समज आहे. एकच पान पाच वेळा वाचले, लाल-निळ्या पेनाने रेघा मारल्या, की अभ्यास झाल्यासारखे वाटते. २००६ साली रोडिगर व कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. पण आठवड्याने घेतली तेव्हा पुस्तक मिटून लिहिणारे स्पष्टपणे पुढे होते. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते, हे लक्षात घेतले की कोणती पद्धत कामाची ते सांगायला नको.

म्हणून एक पान वाचावे, पुस्तक पालथे घालावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, आकृती काढावी. मग पुस्तक उघडून काय राहिले ते वेगळ्या शाईने भरावे. हे करताना त्रास होतो आणि आपल्याला काहीच येत नाही असे वाटते. तो त्रास म्हणजेच अभ्यास. जे त्या वेळी सहज वाटते, ते बहुधा आठवड्यात विसरले जाते. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो, हे एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ सालीच दाखवून दिले होते. तेव्हा उजळणी त्याच रात्री, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने आणि मग महिन्याने करावी. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेल्या आठ तासांपेक्षा अशा विखुरलेल्या चार तासांचे फळ मोठे असते.

दिवसाचा हिशेब दिवसाला

बँकेत संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कॅशिअरला उठता येत नाही. आजचा फरक उद्यावर टाकला तर उद्या तो सापडणे दुप्पट कठीण होते. अभ्यासाचेही तेच आहे. आज वर्गात झालेले तास आणि आज कळून घेतलेले मुद्दे यांचा मेळ आजच घालावा. जे कळले नाही त्यापुढे खूण करावी आणि ती शंका दोन दिवसांच्या आत शिक्षकांना किंवा वरच्या वर्गातील ताईला विचारावी. शंका विचारल्याने हसे होत नाही. उलट शिक्षकांना आपला चेहरा लक्षात राहतो.

वसतिगृहात एका खोलीत चारजणी, घरी तर दहा बाय बाराच्या खोलीत सारे कुटुंब. अशा जागेत अभ्यास कसा करायचा, हा प्रश्न खरा आहे. बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतील परळचे घर एका चाळीतील एकच खोली होती. तीत माणसे, चूल, सामान, जाते, शेळीसुद्धा. तेव्हा सुभेदार रामजी यांनी मार्ग काढला. मुलाला संध्याकाळी लवकर निजवायचे, स्वतः पहाटे दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच्या जागी आपण आडवे व्हायचे. यात नुसता कष्टाचा भाग पाहू नये, युक्तीचाही पाहावा. झोप कापली नव्हती, झोपेची वेळ हलवली होती. नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी झोप तोडून अभ्यास करू नये. सकाळी वॉर्डात उभे राहायचे असते. ज्या वेळी खोली शांत असते ती वेळ शोधावी आणि झोप तिच्याभोवती बसवावी. मोबाइल त्या दोन तासांपुरता मैत्रिणीच्या पेटीत ठेवावा. आपल्याच पेटीत ठेवला तर कुलूप उघडतेच.

गणिताकडे दुर्लक्ष नको

अनेकांना वाटते, नर्सिंगला आलो म्हणजे गणित सुटले. तसे नाही. एक ग्रॅम म्हणजे १,००० मिलिग्रॅम, एक मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम, हे झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजे. कुपीतील ५०० मिलिग्रॅम औषध ५ मिलिलिटर द्रवात विरघळले असेल आणि रोग्याला २०० मिलिग्रॅम द्यायचे असेल, तर २०० ला ५०० ने भागून ५ ने गुणायचे, म्हणजे २ मिलिलिटर. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे आणि संचावर २० थेंबांना एक मिलिलिटर असे लिहिले आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, त्याला २४० मिनिटांनी भागले की ४१.६७, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब.

आकडेमोड झाल्यावर उत्तर शक्य वाटते का, हे एकदा पाहण्याची सवय लावावी. वीस मिलिलिटर इंजेक्शन दंडात टोचायचे असे उत्तर आले, तर कोठेतरी दशांशचिन्ह सरकले आहे. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना चिन्हाआधी शून्य लिहावे, म्हणजे ०.५, आणि पूर्ण आकड्यापुढे उगाच चिन्ह व शून्य लिहू नये. ५.० चे घाईत ५० वाचले जाते. बँकेत दशांशचिन्ह सरकले तर संध्याकाळी मेळ घालताना सापडते. वॉर्डात संध्याकाळपर्यंत वाट पाहता येत नाही.

वॉर्ड हाच दुसरा वर्ग

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात मूलभूत परिचर्येसाठी रुग्णालयातील १६० आणि ३२० असे दोन सत्रांचे मिळून ४८० तास नेमलेले आहेत. बिछाना घालणे, नाडी व श्वसन मोजणे, ताप व रक्तदाब पाहणे, रोग्याला पुसून काढणे, कुशीवर वळवणे ही कामे त्यात येतात. काही मुलींना हे काम खालच्या दर्जाचे वाटते. ज्यांच्या पूर्वजांवर घाण काढण्याचे काम जातीने लादले गेले, त्यांच्या मनात अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु दोन्हींतला फरक स्पष्ट आहे. तेथे कामाची सक्ती होती, ज्ञानाला बंदी होती आणि मोबदला अपमानाचा होता. येथे काम शिकून, निवडून, शास्त्र समजून केले जाते. रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर का वळवावे, त्याच्या पाठीला जखम कशी होते, हे जाणणारे हात साधे नसतात. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरने हात धुण्याचा नियम केला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. इतकी साधी गोष्ट, पण ती कळायला शास्त्र लागले.

वॉर्डात जाताना छोटी वही न्यावी. ज्या रोग्याची देखभाल केली त्याचा आजार त्याच रात्री पुस्तकात वाचावा. परिचर्येची पद्धती पाच पायऱ्यांची असते. रोग्याची पाहणी, अडचणीचे निदान, नियोजन, कृती आणि शेवटी परिणाम तपासणे. चार आर्यसत्ये जाणणाऱ्यास ही रीत अनोळखी नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचा निरोध होऊ शकतो आणि त्यासाठी मार्ग आहे, हीच विचाराची दिशा येथे खाटेजवळ वापरायची आहे.

विषय वेगळे, रोगी एकच

"समाजशास्त्र, मानसशास्त्र आम्हाला कशाला?" असा प्रश्न विद्यार्थिनी विचारतात. एक उदाहरण घेऊ. आषाढीच्या दिवसांत खेड्यातली एक वृद्ध वारकरी स्त्री चक्कर आली म्हणून रुग्णालयात येते. घाम सुटला आहे, हात थरथरताहेत, बोलणे असंबद्ध आहे. तिला मधुमेह आहे, सकाळी नेहमीचे इन्सुलिन घेतले आहे आणि एकादशी असल्याने पोटात काही नाही. इन्सुलिन रक्तातील साखर कमी करते आणि अन्न न मिळाल्याने ती फार खाली जाते, हे शरीरक्रियाशास्त्र. उपवासाचा साबुदाणा बहुतांशी पिष्टमय असल्याने पुढे साखर उलट चढवू शकतो, हे आहारशास्त्र. तिला उपवास मोडणे पाप वाटते आणि घरी तिच्या जेवणाचा निर्णय सून किंवा मुलगा घेतो, हे समाजशास्त्र. तिच्या श्रद्धेची टिंगल केली तर ती पुढच्या वेळी खरे सांगणारच नाही, हे मानसशास्त्र. आपण स्वतः उपवास मानतो की नाही, हा प्रश्न तेथे येत नाही. तिला समजेल व पटेल अशा भाषेत, उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा ठरवा, हे सांगता आले पाहिजे. त्या एका खाटेवर पहिल्या वर्षाचे चार विषय एकत्र आलेले असतात. अभ्यास करताना प्रत्येक प्रकरणाला असा एखादा रोगी मनात उभा करावा.

हजेरी आणि पैसा

परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात किमान ८० टक्के हजेरी लागते. प्रात्यक्षिक व रुग्णालयातील तास तर पदवी मिळण्यापूर्वी शंभर टक्के भरून द्यावे लागतात. एखाद्या विषयाचे साठ तास असतील तर बारा तासच बुडवता येतात. आजारपणासाठी त्यांतले निम्मे राखून ठेवले तर उरतात सहा. चुलतभावाचे लग्न, मामाच्या घरची वास्तुशांती, गावची जयंती यांना मुलीला बोलावताना पालकांनी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. जयंती गावात व्हावीच. परंतु त्या दिवशी मुलगी वर्गात हजर असेल तर तीही बाबासाहेबांना मानवंदनाच होय.

शिष्यवृत्तीबाबत थोडक्यात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती एका फायलीत तयार असाव्यात. रक्कम आधारशी संलग्न असलेल्या खात्यातच जमा होते, आणि एकापेक्षा जास्त खाती असतील तर सर्वांत शेवटी ज्या खात्याला आधार संलग्न केले त्यात जाते. "पैसे आलेच नाहीत" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी हे खाते आधी तपासावे. शिष्यवृत्ती हाती पडायला वेळ लागू शकतो, म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या मेसची व पुस्तकांची तजवीज वेगळी करावी. शैक्षणिक कर्ज घ्यायचेच असेल तर बँकांच्या आदर्श योजनेप्रमाणे साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. सावकाराच्या दारात जाण्यापूर्वी बँकेच्या दारात यावे.

एखादा विषय राहिला तर

सारे करूनही एखादा विषय राहू शकतो. त्या वेळी घरच्यांनी तोंड फिरवू नये आणि विद्यार्थिनीनेही घर गाठू नये. पहिल्या दोन दिवसांत तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. कळले नव्हते काय? कळले होते पण लिहिता आले नाही काय? की वेळ पुरला नाही? पहिल्या प्रकाराला शिक्षक हवेत, दुसऱ्याला लेखनाचा सराव हवा आणि तिसऱ्याला घड्याळ लावून सोडवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका हव्यात. तिन्ही आजारांना एकच औषध देऊन चालत नाही. राहिलेला विषय पुढच्या सत्राबरोबर काढता येतो, परंतु कॉलेज सोडून घरी बसलेली मुलगी परत आणणे फार अवघड असते.

समाजाचे काम

शेवटी सभासद बंधू-भगिनींना विनंती. सत्कार करावाच, पण त्याबरोबर चार कामे अंगावर घ्यावीत. वरच्या वर्गात गेलेल्या मुलींची पुस्तके जमा करून पुढच्या मुलींना द्यावीत, म्हणजे दरवर्षी नव्या खरेदीचा भार पडणार नाही. नोकरीत असलेल्या आपल्या प्रत्येक परिचारिका भगिनीने पहिल्या वर्षातील एका मुलीला दत्तक घेतल्याप्रमाणे महिन्यातून दोनदा फोन करावा. विहाराची खोली रोज संध्याकाळी दोन तास अभ्यासिकेसाठी उघडी ठेवावी. आणि पहिल्या सत्राचा निकाल लागेल त्या आठवड्यात समितीतील कोणीतरी प्रत्येक घरी जाऊन यावे, पास झालेल्यांच्या घरी तर जावेच, पण राहिलेल्यांच्या घरी आधी जावे.

याच पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. याच पंढरपुरात १९४७ साली मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना उपोषण करावे लागले. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाचा शोध घेणारा आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखामेळा होते. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्यांच्या लेकींच्या हातात आज रोगी विश्वासाने आपला हात देतो आणि नाडी पाहू देतो. हा बदल घोषणेने झालेला नाही, शिक्षणाने झाला आहे. तो टिकवायचा तर त्या हातांमागे पक्का अभ्यास हवा, आणि त्या अभ्यासाची सुरुवात पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात होते. यंदा प्रवेश घेतलेल्या सर्व विद्यार्थी-विद्यार्थिनींना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

जयभीम! नमो बुद्धाय!